तिसरी चकती

१

सकाळी काकू चहा घेऊन कामाच्या खोलीत गेल्या, तेव्हा ठसेकाका टेबलापाशी एका कुशीवर पडलेले होते. काकूंना आधी वाटलं, काहीतरी बारीकसं खाली पडलंय आणि हे शोधतायत. काकूंची नजर अधू, हाताच्या अंतरापलीकडचं सगळं त्यांना दुधातून बघितल्यासारखं दिसायचं. त्यांनी कप टेबलावर ठेवला, खाली बसल्या, नवऱ्याच्या मानेखाली हात घातला आणि मग त्यांना कळलं. शेजारी एक छोटी पितळी हातोडी पडली होती.

फौजदार आले ते एक गाल हाताने दाबूनच. त्यांची दाढ ठणकत होती, आणि दाढ ठणकत असली की त्यांना सगळं जग गुन्हेगार वाटायचं. बाहेर धुकं होतं. खोलीत दिवा लावला तरी अंधार हटत नव्हता. टेबलावर भिंग, मऊ कापडाच्या घड्या, कप्प्याकप्प्यांचा लाकडी ट्रे, आणि भिंतीलगतच्या लाकडी घोडीवर एक लांब, किंचित बाकदार तलवार, म्यानात.

आता तलवार म्हटली की माणसाला पातं आठवतं. ठसेकाकांचं तसं नव्हतं. पात्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. जुन्या महायुद्धातल्या जपानी अधिकाऱ्यांच्या तलवारी, त्यांच्या मुठीवरची कडी, टोप्या, तबकड्या, आणि त्यांच्या आतल्या बाजूला कारखान्यांनी मारलेले तांदळाएवढे ठसे, एवढ्यातच त्यांचा जन्म गेला. कुठला ठसा कुणाचा, कुठल्या सालचा, हे ते जेवताना बोलायचे, झोपेतही बोलायचे. म्हणून जग त्यांना ठसेकाका म्हणायचं.

फौजदारांना खोलीत शिरल्याशिरल्या लवंगेचा वास आला. दाढेमुळे त्यांना तो बरोबर कळला. "लवंगा कुठून आल्या इथे?"

"तेल आहे ते," काकू म्हणाल्या. "गंज चढू नये म्हणून पात्याला लावतात. लवंग घातलेलं असतं त्यात."

त्यांचा आवाज सपाट होता. रडून झालेलं नव्हतं, अजून सुरूच झालं नव्हतं. त्या भिंतीशी गेल्या आणि सवयीने पदराच्या टोकाने घोडीवरची तलवार पुसू लागल्या. मुठीवरून अंगठा फिरवत त्या खाली आल्या आणि मूठ संपते तिथे अंगठा थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा तिथेच थांबला. मग त्यांनी हात काढून घेतला आणि पदरात गुंडाळून ठेवला.

"काय झालं काकू?"

"काही नाही. ह्यांची आवडती होती ही."

फौजदारांनी ते दुःखाच्या खात्यात टाकलं. माणूस हातचं सोडून पळत्यामागे लागतो तो असा.

२

पळतं म्हणजे काकूंचा मुलगा. शेजारीण बोलावण्याची वाटच बघत होती. आदल्या संध्याकाळी बापलेकाचं कडाक्याचं वाजलं होतं, आणि भिंतीला कान असतात म्हणतात ते त्या घरात अक्षरशः खरं होतं.

"'हीच तलवार एक दिवस तुमचा जीव घेईल,' असं म्हणाला हो तो," शेजारीण म्हणाली. "मग दार आपटून गेला. माझ्या फडताळातली भांडी हादरली."

मुलगा समोर बसला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. "म्हणालो," तो म्हणाला. "नाही कशाला म्हणू? ठसे सापडायचे बाबांना, पण त्यांची चित्रं काढायची आई. भिंगाखाली, केसाएवढ्या रेघा. डॉक्टरांनी सांगितलं, हे बंद करा, ऑपरेशन करून घ्या, नाहीतर उरलीसुरली नजर जाईल. बाबा म्हणायचे, एवढी एक तलवार होऊ दे. प्रत्येक वेळी एवढी एकच. काल मी म्हटलं, तुम्ही आईचे डोळे खाताय."

"मग कुठे गेलास?"

"चालत होतो."

"कुणी पाहिलं?"

"धुक्यात कोण कुणाला बघतंय, साहेब."

वरचे साहेब खूश झाले. भांडण आहे, धमकी आहे, ठावठिकाणा नाही, आणखी काय पाहिजे? मुलाला चौकीत बसवून ठेवलं, उद्या अटक दाखवायची ठरली. फौजदारांना पोरगं खोटं बोलतंय असं वाटत नव्हतं, पण वाटण्याला कचेरीत कुत्रं विचारत नाही.

काकू चौकीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. "त्याने काही केलेलं नाही, तर तो सुटेल ना?" त्यांनी विचारलं.

"पुरावा मिळाला तर सुटेल," फौजदार म्हणाले. "आपोआप कुणी सुटत नाही, काकू."

त्या तशाच उभ्या राहिल्या. एकुलता एक मुलगा होता. नवरा गेला होता, आणि आता हाही चालला होता. फौजदारांनी खाली मान घालून दाढेवर जीभ फिरवली. त्या बाईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

दुपारी दोरीवाला आला. मुठीवरच्या रेशमी दोऱ्या पुन्हा विणून देणारा हा माणूस, ठसेकाकांचं सगळं काम त्याच्याकडे. निरोप ऐकून धावत आला, दारातच मटकन बसला, थोडा वेळ हुंदके दिले. मग डोळे पुसून घोडीपाशी गेला, तलवार उचलली, मुठीच्या बाजूला नजर लावली आणि नाक जवळ नेलं.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "ही तलवार काल कुणीतरी उघडलीय."

३

फौजदारांना वाटायचं, तलवार म्हणजे एकसंध वस्तू. दोरीवाल्याने कापड पसरलं आणि समजावलं.

"हे बघा. सगळं ह्या एका खुंटीवर असतं. बांबूची खुंटी. ती ठोकून काढली की मूठ सरकते. मग चकत्या, मग ही आडवी तबकडी, हात घसरून पात्यावर जाऊ नये म्हणून असते ती. मग पुन्हा चकत्या. कांद्यासारखं आहे, एकेक पापुद्रा."

"ही पितळी हातोडी खुंटी काढायचीच ना?"

"तीच." दोरीवाल्याने हातोडीकडे बघायचं टाळलं. "आणि ही खुंटी नवीन आहे. जुनी काळी पडलेली होती, मी ओळखतो तिला. उघडताना मोडली असणार. बरं, ठसेकाका उघडलेली तलवार रात्रभर ट्रेमध्येच ठेवायचे, सकाळी ताज्या डोळ्यांनी बघायला. लगेच जोडायचे नाहीत कधी. तेलाने इतकं लख्ख तर अजिबात पुसायचे नाहीत. म्हणायचे, मळसुद्धा पुरावा असतो."

म्हणजे ठसेकाकांनी उघडली, आणि दुसऱ्याच कुणीतरी पुसून, तेल लावून जोडली. माणूस मरून पडलाय आणि शेजारी बसून कुणीतरी तलवार जोडतंय. 

दोरीवाल्याने एकेक भाग उतरवून ओळीने मांडला. तबकडी उलटी केली आणि उजेडाकडे धरली. आतल्या बाजूला, एरवी चकतीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, कानशीने घासलेलं होतं. ताजं, पिवळंधमक.

"इथे ठसा होता," तो म्हणाला. "घासून टाकलाय."

"कसला ठसा?"

"ते मला नाही माहीत. मी मुठीपुरता. ठसे काका बघायचे."

फौजदार विचारात पडले. बापावर रागावलेलं पोरगं तलवार मोडेल, फेकेल. चकतीखालचा तांदळाएवढा ठसा कानशीने घासून वर तेल लावून ठेवेल? ज्याला त्या ठशाची भीती वाटत होती, त्यानेच हे केलं. आणि तलवार उघडी राहिली असती तर ठसेकाका काय बघत होते हे जगाला कळलं असतं, म्हणून जोडून ठेवली.

"आणखी एक आहे साहेब." दोरीवाल्याने एक पातळ पितळी चकती बोटावर धरली. तिच्या कडेला बारीक दाते होते, एका बाजूला उतरते. "ही तिसरी चकती. ही सुलटी बसवलीय."

"मग? सुलटीच बसवायची ना?"

"सगळ्या तलवारींत सुलटीच. हिच्यात नाही." तो चकती बोटावर फिरवत म्हणाला. "हिची उलटी होती. अगदी काकांकडे आली तेव्हापासून. मी एकदा मूठ विणताना भोळेपणाने सुलटी करून दिली, तर काका इतके चिडले की आठवडाभर बोलले नाहीत. म्हणाले, हे ज्याने शेवटचं जोडलं, तो कोण होता माहीत नाही, कुठल्या चिखलात बसून जोडलं माहीत नाही. घाईत होता, घाबरलेला होता, चकती उलटी पडली. कारखान्याचा ठसा कारखान्याचा असतो, आणि ही चूक म्हणजे त्या माणसाचा ठसा. पुन्हा हात लावशील तर खबरदार."

४

ठशांविषयी विचारायचं तर मामांनाच विचारायला हवं होतं. मामा म्हणजे काकूंचे थोरले भाऊ. ठशांवरचा सर्वांत मोठा ग्रंथ त्यांचा, जाडजूड, उशाला घेतला तर मान धरेल असा. ठसेकाका त्यांच्याकडेच शिकले, आणि शिकता शिकता मेव्हणे झाले.

मामांची खोली आरशासारखी होती. पुस्तकं उंचीप्रमाणे, पेन्सिली टोकं एका दिशेला करून. मामांनी चहा मागवला. फौजदारांनी दाढेच्या भीतीने एक घोट घेऊन कप बशीत तिरका ठेवला. मामा बोलता बोलता पुढे वाकले, कपाचा कान उजवीकडे वळवला आणि बोलणं चालूच ठेवलं.

"मुलासारखा होता तो मला," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. "तिला मी लहानपणी हाताला धरून चित्रं काढायला शिकवलं. आईवडील नव्हते आम्हाला. तिच्या नशिबी हे यावं? आणि भाच्याने करावं?"

"भाच्यानेच केलं म्हणता?"

"मी कशाला म्हणू? तुम्हीच त्याला बसवून ठेवलंय."

फौजदारांनी तबकडीचं सांगितलं. मामांनी आपला कप खाली ठेवला. "अरेरे," ते म्हणाले. "फार वाईट. मी काही ती बघितलेली नाही. तो त्याच्या तलवारी उघडून दाखवण्यात फार उत्साही नसायचा."

"दोरीवाला म्हणतो, तिसरी चकती मुळात उलटी होती."

मामा हसले, दुःखी माणसाने हसावं तसे. "दोरीवाल्याला दोरीतलं कळतं. माझा शिष्य चकती उलटी ठेवेल? पहिल्या दिवशी शिकवतो आम्ही ते. उद्या तो म्हणेल पातंच उलटं होतं. साहेब, हाताशी कानस कुणाच्या असते, कारागिराच्याच ना? बघा विचार करून."

बोलणं बिनतोड होतं. फौजदार उठले. दारापर्यंत आले आणि उगाच मागे वळून बघितलं. फौजदारांनी मागे सरकवलेली खुर्ची मामा पुन्हा टेबलाच्या काठाशी समांतर लावत होते.

फौजदार धुक्यात उभे राहिले. दाढ ठणकत होती आणि डोकं मात्र एकाएकी स्वच्छ झालं होतं. दोरीवाल्याने हे केलं असतं तर चकतीचा विषय काढलाच नसता. कुठला चोर आपल्याच घराचा पत्ता सांगतो? शिवाय त्याने जोडली असती तर उलटीच जोडली असती, कारण एकदा बोलणी खाल्लेली होती. आणि मुलगा?

मुलाचं काय ते बघायला हवं होतं. आणि आणखी एक गोष्ट त्यांना आठवली, आणि ती आठवल्यावर त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली, पण दाढ त्याच बाजूची होती.

काकूंचा अंगठा.

५

दुसऱ्या दिवशी फौजदारांनी सगळ्यांना कामाच्या खोलीत बोलावलं. मुलाला चौकीतून आणलं. काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या, हात पदरात. मामा त्यांच्यामागे उभे राहिले, एक हात बहिणीच्या खांद्यावर. दोरीवाला दारापाशी. टेबलावर कापडावर तलवारीचे भाग मांडलेले होते.

"जोड," फौजदार मुलाला म्हणाले.

मुलाने वैतागून चकत्या चढवल्या. दोन चकत्या चुकीच्या बाजूला गेल्या, तबकडी उपडी बसली, मूठ पुरती सरकेना. शेवटी त्याने हात झटकले. "मला नाही येत. आयुष्यात कधी हात लावला नाही मी ह्या भानगडीला."

दोरीवाल्याने न बोलता सगळं उतरवलं आणि जोडून दाखवलं. तिसरी चकती उलटी. फौजदारांनी सगळं पुन्हा उतरवायला लावलं.

"मामा, आता तुम्ही."

मामांनी भुवया उंचावल्या, पण पुढे आले. त्यांची बोटं बघण्यासारखी होती. प्रत्येक चकती कडेला धरून, उजेडाकडे करून, अलगद. तिसरी चकती कापडावर उलटी पडलेली होती. त्यांनी सहज ती सुलटी केली आणि चढवली. खुंटी बसवली. कसलाही आवाज नाही.

"काकांच्या खुनानंतर तलवार जशी मिळाली, ती नेमकी अशी," फौजदार म्हणाले. "मुलाला जोडता येत नाही. दोरीवाला हिला उलटी जोडतो. ही तलवार जोडणाऱ्याला तलवारींतलं सगळं कळत होतं, पण ह्या तलवारीचं काही माहीत नव्हतं. त्याला चकती उलटी दिसली आणि त्याच्याने राहवलं नाही. समोर माणूस मरून पडलेला असतानाही राहवलं नाही."

मामांनी रुमालाने बोटं पुसली. "म्हणजे मी बरोबर जोडली हा माझा गुन्हा?" ते शांतपणे म्हणाले. "साहेब, तुमचा सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा आहे. चकती आधी उलटी होती. कशावरून? एका दोरीवाल्याच्या शब्दावरून. न्यायालयात पाच मिनिटं टिकणार नाही हे."

खरं होतं ते. फौजदारांनाही माहीत होतं. मुलाने आईकडे बघितलं. मामांचा हात पुन्हा बहिणीच्या खांद्यावर गेला.

फौजदार काकूंसमोर जाऊन बसले, जमिनीवरच. "काकू, त्या सकाळी तुम्ही मूठ पुसत होतात. अंगठा थांबला होता तुमचा. दोनदा."

काकूंनी हात पदरात आणखी आत ओढले.

"तुमच्याकडून वदवून घ्यायचा मला काही हक्क नाही. पण दोरीवाल्याला सोडलं तर ती तलवार कशी होती हे जाणणारं आता तुमच्याशिवाय कुणी नाही, आणि तुमचा मुलगा तिथे उभा आहे."

बाहेर कुठेतरी सायकलची घंटी वाजली आणि विरली. मग काकूंनी खांद्यावरचा हात हळूच उचलून बाजूला केला आणि त्या उठल्या. टेबलाचा काठ धरत धरत गेल्या. मान वर करून, तलवारीकडे न बघताच, त्यांनी खुंटी काढली, मूठ सरकवली, चकत्या एकेक करून उतरवल्या. मग पुन्हा चढवू लागल्या. पहिली. दुसरी. मग तबकडी. तिसरी त्यांनी बोटांत धरली, कडेवरून नख फिरवलं, आणि उलटी केली आणि बसवली. मग बाकीच्या, मग मूठ.

"अशी होती," त्या म्हणाल्या. "इथे अंगठ्याला कड लागायची. त्या सकाळी लागली नाही."

"बाळ," मामा म्हणाले. "तुला दिसत नाहीये नीट. तू दमलीयेस."

"दिसत नाहीच मला, दादा. हाताला कळतं." आता त्या रडत होत्या, पण आवाज ठाम होता. "हे त्या दुपारी इतके खुशीत होते. म्हणाले, तबकडीवर कारखान्याच्या माशाच्या आकाराच्या ठशाशेजारी दुसरा शिक्का सापडलाय, युद्धाच्या अगदी शेवटचा. दादांच्या ग्रंथातला सगळा कालक्रम बदलावा लागेल. मी म्हटलं, मग? तर म्हणाले, मग काय, आधी दादांना दाखवणार, मग जगाला. त्यांचा मान आहे तो. संध्याकाळी मागच्या दाराने ये म्हणून निरोप त्यांनीच पाठवला होता तुला. मी डोळ्यांत औषध घालून पडले होते. तू आलास की नाही ते मला दिसलं नाही. सकाळी अंगठ्याने सांगितलं."

"आई," मुलगा म्हणाला, "तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो रे." त्या त्याच्याकडे वळल्या. "मला वाटलं, तू काही केलंच नाहीस, तर सुटशील. नवरा गेला होता, भाऊही घालवायचा का? आपण गप्प बसलो तर एक तरी राहील, असं वाटलं. पण ते तुलाच न्यायला निघाले."

मामा खुर्चीत बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले. "त्याने किती आनंदाने दाखवलं," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "भिंग माझ्या हातात दिलं. बघा, बघा म्हणाला. त्याला वाटत होतं, मलाही आनंदच होईल. मी म्हटलं, थांब, माझ्या माघारी जाहीर कर. तो म्हणाला, असं कसं, खरं आहे ना हे. माझं सगळं आयुष्य त्या ग्रंथात आहे, आणि हा हसत हसत... हातोडी तिथेच होती."

दोरीवाल्याने तोंड फिरवलं. फौजदारांना गुन्हा सुटल्यावर एरवी बरं वाटायचं. आज वाटत नव्हतं.

मामांची नजर टेबलावर गेली. तिथे तलवार पडली होती, मूठ जोडलेली, पण खुंटी अजून न बसवलेली. त्यांचा हात आपसूक पुढे झाला, मुठीकडे, त्या उलट्या चकतीकडे. काकूंना तो दिसला नसावा, पण त्यांनी ओळखला. त्यांनी आपला तळवा चकतीवर ठेवला.

"तूच शिकवलं होतंस, दादा," त्या म्हणाल्या. "वस्तू कशी असायला हवी ते काढायचं नाही. जशी आहे तशी काढायची."

मामांनी हात मागे घेतला. मग ते उठले आणि फौजदारांबरोबर निघाले. जाताना त्यांनी खुर्ची नीट लावली नाही.

पुरावा म्हणून तलवारही न्यावी लागणार होती. फौजदार ती कापडात गुंडाळू लागले तेव्हा काकूंनी चाचपडत ट्रेमधली खुंटी शोधली आणि स्वतः बसवून दिली. मुलगा त्यांच्या कोपराला धरून उभा होता. त्यांनी एकदा शेवटचा अंगठा फिरवला.

"जपून न्या," त्या म्हणाल्या. "आणि तिथे कुणाला तरी वाटेल हिची चकती चुकलीय. सांगा त्यांना, सुलटी करू नका म्हणावं."